अंगावरून वारं गेलं

आमच्या शिरूर कासारकडे पक्षाघाताला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. अब्बांचं तसं झालं, तेव्हा आम्ही रात्रभर तेल चोळत बसलो. सकाळपर्यंत त्यांची वाचा गेली.

१८८८ मध्ये महात्मा फुल्यांची उजवी बाजू लुळी पडली. तेव्हा यावर औषधच नव्हतं. जोतीरावांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढलं. ते छापून निघालं १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

मेंदूतली गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण सीटी स्कॅन काढून, रक्तस्राव नाही याची खात्री करून, ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. शिरूरहून बीड गाठण्यातच त्यातला वेळ जातो.

तेव्हा तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर तेलाची बाटली शोधू नका. घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा.