पुन्हा पाहण्याची सोय आणि प्रेक्षकाचे मत

नवा चित्रपट पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक त्याविषयी काय बोलतो, हे सुरुवातीची अनेक वर्षे कोणी टिपून ठेवले नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चलतचित्रांचे खेळ झाले. तिकीट एक रुपया होते. स्थानकात शिरणारी आगगाडी, समुद्रस्नान, पाडली जाणारी भिंत, कारखान्यातून सुटलेले कामगार असे त्यांचे विषय. त्यात कथाही नव्हती आणि पात्रेही नव्हती. त्यामुळे जे कौतुक झाले ते यंत्राचे. चित्र हलते, याचेच नवल इतके मोठे होते की ते चांगले की वाईट हा प्रश्न कोणाला पडला नाही.

हा प्रश्न कथापटांबरोबर आला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि पडद्यावरच्या कथेला रंगभूमीचे मोजमाप लावले जाऊ लागले. सुरतेची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. तिथे पहिल्या खेळाला जेमतेम तीन रुपये जमले, असे सांगतात. सहा तासांचे नाटक दोन आण्यांत पाहायला मिळत असताना दीड तासाच्या खेळाला तीन आणे कोण देणार, ही तिथल्या लोकांची तक्रार. फाळक्यांनी खेळ लांबवला नाही, जाहिरात बदलली. ५७,००० छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर फक्त तीन आणे, असा हिशेब त्यांनी मांडला आणि गर्दी झाली. भारतीय चित्रपटाविषयी प्रेक्षकांनी दिलेल्या अगदी आरंभीच्या मतांपैकी हे एक. ते कलेविषयी नव्हते, पैशाच्या मोबदल्याविषयी होते. पण ते मत होते आणि निर्मात्याला त्याची दखल घ्यावी लागली. पुढे १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात फाळक्यांनी भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली. चित्रपट या विषयावर मराठीत गंभीरपणे लिहिण्याची वाट तिथे पडली, आणि ती पाडली एका निर्मात्याने.

प्रेक्षकांची मते पद्धतशीर गोळा करण्याचे श्रेय मात्र एका सरकारी चौकशीला द्यावे लागते. अमेरिकी चित्रपटांमुळे गोऱ्या लोकांची प्रतिमा मलिन होते, अशी ओरड सुरू झाल्यावर आणि ब्रिटिश साम्राज्यातल्या चित्रपटांना सवलत द्यावी असा दबाव आल्यावर १९२७ मध्ये दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने देशभर प्रश्नावल्या धाडल्या, शहरोशहरी जाऊन साक्षी घेतल्या. साक्षीदारांत खुद्द फाळके होते. थिएटरमालक, शिक्षक, वकील, पोलीस अधिकारी होते. आपण सिनेमा कधीच पाहिलेला नाही, पण त्याने केलेले नुकसान बाहेरच्यालाही दिसते, अशा आशयाचे उत्तर गांधीजींनी पाठवले. साक्षींमधून दोन प्रेक्षक दिसतात: इंग्रजी शिकलेला, परदेशी चित्रपटांकडे ओढा असलेला, आणि पौराणिक किंवा मारधाडीचे देशी चित्रपट आवडीने पाहणारा. दुसऱ्याविषयी साक्ष बहुतेक वेळा पहिल्यानेच दिली. गिरणगावातला कामगार स्वतः काय म्हणाला असता, हे त्या जाडजूड खंडांतून शोधून काढणे अवघड आहे. साम्राज्यातल्या चित्रपटांना सवलत देण्याची सूचना समितीने १९२८ च्या अहवालात मान्य केली नाही.

बोलपट आले आणि प्रेक्षकांचे वाद घरात शिरले. ‘प्रभात’ या मराठी चित्रपट कंपनीच्या ‘कुंकू’ने १९३७ मध्ये हे घडवले. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट. म्हाताऱ्या काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब ही जोडी मराठी पडद्यावरच्या सर्वांत ताकदीच्या जोड्यांपैकी आहे. शांतारामांनी यात पार्श्वसंगीत ठेवले नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचे आवाज यांवरच भिस्त ठेवली. विषय मात्र इतका जवळचा होता की बोलणे नीरेच्या वागण्यावरच रंगणे स्वाभाविक होते. जरठकुमारी विवाह तेव्हाही आजूबाजूला होत होते. सामाजिक बोलपटाची ही मोठी कमाई होती, आणि परीक्षणाची मर्यादाही तीच ठरली: चित्रपटाविषयी बोलणे म्हणजे त्याच्या कथेविषयी बोलणे.

याच सुमारास व्यावसायिक परीक्षक उदयाला आला. १९३५ मध्ये मुंबईतून बाबूराव पटेल यांचे ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक निघू लागले. त्यांच्या झोंबऱ्या लेखणीचा निर्मात्यांना धाक होता. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये ख्वाजा अहमद अब्बास परीक्षणे लिहीत, ते पुढे स्वतःच पटकथाकार व दिग्दर्शक झाले. मराठीत आचार्य अत्रे पत्रकार होते, नाटककार होते आणि ‘श्यामची आई’चे निर्माते-दिग्दर्शकही, या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. पाहणारा, लिहिणारा आणि करणारा यांच्यात तेव्हा फारसे अंतर नव्हते. वृत्तपत्री परीक्षणाचा साचा मात्र लवकरच ठरून गेला. अर्धी जागा कथानकाला, मग कलाकारांना एकेक वाक्य, गाण्यांना एक, छायाचित्रणाला अर्धे. याचा दोष परीक्षकांच्या बुद्धीला देणे अन्यायाचे होईल. परीक्षक चित्रपट एकदाच पाहत असे, अंधारात, आणि रात्रीतून लिहीत असे. एका पाहण्यात हाती लागते ती कथा. चौकट कशी रचली, कुठे कापले, हे ध्यानात यायला पुन्हा पाहावे लागते. चित्रपट उतरला की डबे वितरकाकडे परत जात आणि बऱ्याचदा कायमचे हरवत.

ही अडचण दूर होण्याला काही दशके लागली. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला आणि तिथून तो इतर शहरांत गेला. त्यात ‘बायसिकल थीव्हज’ दाखवला गेला. तो पाहून बिमल रॉय भारावले आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला. कलकत्त्यात सत्यजित राय आणि चिदानंद दासगुप्ता यांनी १९४७ मध्येच फिल्म सोसायटी काढली होती; १९५९ मध्ये अशा संस्थांचा महासंघ झाला, राय त्याचे अध्यक्ष. पुण्यात १९६० मध्ये ‘प्रभात’च्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. ज्या मराठी कंपनीने ‘कुंकू’ काढला तिच्याच जागेत चित्रपट शिकवला जाऊ लागला.

संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी नाशिकला फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे जाऊन फाळक्यांच्या चित्रपटांची उरलीसुरली रिळे मिळवली. अमुक दृश्य कितव्या रिळात आहे, हे ते आठवणीने सांगत. सतीश बहादूर आग्ऱ्याला अर्थशास्त्र शिकवत आणि फिल्म सोसायटी चालवत. पुण्यात ते चित्रपट-रसास्वादाचे प्राध्यापक झाले. त्यांची शिकवण्याची रीत साधी, पण चिवट होती. ‘पथेर पांचाली’चा एखादा प्रसंग दाखवायचा, थांबवायचा, तोच पुन्हा दाखवायचा आणि विचारायचे: कॅमेरा कुठे आहे, आवाज कुठून येतो, या आधीच्या शॉटमध्ये काय होते? चित्रपट आवडला की नाही हे त्यानंतर. मे महिन्यात भरणाऱ्या रसास्वाद वर्गाला बँकेतले, शाळेतले, वृत्तपत्रांतले लोक रजा काढून येत.

मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. सुधीर नांदगावकर यांनी फिल्म सोसायटीची चळवळ महाराष्ट्रात रुजवण्यासाठी आयुष्य वेचले. मंडळाच्या ‘वास्तव रूपवाणी’ने मराठीत चित्रपटावर विस्ताराने लिहायला जागा दिली. सोसायटीची संध्याकाळ थिएटरपेक्षा वेगळी असे. शाळेचे किंवा ग्रंथालयाचे सभागृह, लोखंडी खुर्च्या, मध्यभागी १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर. प्रोजेक्टर एकच असला तर रीळ संपल्यावर दिवे लागत आणि नवे रीळ चढेपर्यंत चर्चा तिथेच सुरू होई. सभासदांसाठीच्या या खेळांना सेन्सॉरमधून सूट होती. काही सभासद केवळ न कापलेली दृश्ये पाहायला येत, हे सोसायट्या चालवणाऱ्यांनाही ठाऊक होते. पण त्यांच्याच वर्गणीतून बर्गमन, कुरोसावा आणि घटक यांचे डबे रेल्वेने येत राहिले.

पुन्हा पाहण्याने मते कशी पालटतात, याचे सर्वांत ठळक उदाहरण गुरुदत्त यांच्या ‘कागज़ के फूल’चे आहे. १९५९ मध्ये प्रेक्षकांनी तो नाकारला; गुरुदत्त यांनी त्यानंतर दिग्दर्शक म्हणून आपले नाव लावले नाही. तोच चित्रपट नंतर सोसायट्यांत, संग्रहालयात आणि महोत्सवांत पुन्हा पुन्हा पाहिला गेला. स्टुडिओच्या अंधारात वरून उतरणारा व्ही. के. मूर्ती यांचा प्रकाशझोत पहिल्या वेळीही तितकाच सुंदर होता, पण तो टिपायला सवडीने बघणारा डोळा हवा होता. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घडलेले अरुण खोपकर यांनी ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’ लिहिले ते याच डोळ्याने. कथानक सांगण्यावर न थांबता प्रकाश, अवकाश आणि लय यांतून अर्थ काढणारे हे पुस्तक मराठी चित्रपट-समीक्षेतला मैलाचा दगड आहे. या पुस्तकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अनिल झणकार आणि अशोक राणे यांचे लेखनही सोसायटी आणि रसास्वादाच्या याच मुशीतले.

१९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली. फीत मागे नेऊन पुन्हा पाहण्याची सोय घरोघरी झाली आणि सोसायट्यांची सभासदसंख्या घटली. १६ मिलिमीटरचे प्रोजेक्टर कपाटांत गेले. चळवळीचे रूप मात्र बदलत राहिले. पुण्यात आशय फिल्म क्लब सुरू झाला, २००२ मध्ये पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. ‘श्वास’ २००४ मध्ये आणि ‘कोर्ट’ २०१४ मध्ये आला, तोवर कथेपलीकडे पाहणारा प्रेक्षक महाराष्ट्रात तयार होता. ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा न्यायालयात लांबवर स्थिर राहतो आणि कामकाज संपल्यावरही रिकाम्या दालनात रेंगाळतो. काहींना ते कंटाळवाणे वाटले, काहींना तोच चित्रपटाचा गाभा वाटला. वाद झाला तो कॅमेऱ्याच्या त्या थांबण्यावरही. संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. जुन्या प्रतींच्या डिजिटल पुनरुज्जीवनाचे काम तिथे चालते आणि चित्रपट-रसास्वादाची शिबिरे आता पुण्याबाहेरही, मराठीतून भरतात.