दगडी कमानपूल : महापुरानंतरची दुरुस्ती (चिपळूण व परिसर)

पुराने इजा झालेल्या दगडी पुलाचा पाया, खांब, कमानी आणि दोन्ही काठांचे भराव मूळ बांधणीला धरून पुन्हा सावरण्याचे काम. कोकणात या विषयाची चर्चा चिपळूण (जि. रत्नागिरी) आणि महाड (जि. रायगड) या दोन गावांभोवती फिरते. दोन्हीकडचे ब्रिटिशकालीन पूल मुंबई–गोवा महामार्गावरचे, आणि दोन्हीकडे जुना पूल सावरण्यापेक्षा शेजारी नवा उभारणेच पत्करले गेले.

चिपळूणला पूर येतो तो एका नदीचा नव्हे. वाशिष्ठीचे घाटातून उतरणारे पाणी, पोफळीच्या वीजगृहातून कोळकेवाडी धरणामार्गे येणारे कोयनेचे अवजल, गावातून वाहणारी शिव नदी आणि खालून दाभोळ खाडीची भरती अशी सगळी गाठ इथे पडते. त्यात पात्रात साचलेला गाळ. 26 जुलै 2005 च्या पुराची खूण लोकांनी भिंतीवर जपली होती. 22 जुलै 2021 च्या पाण्याने ती मागे टाकली. त्या पुरात बहादूरशेख नाक्याजवळच्या जुन्या वाशिष्ठी पुलाचा जोडरस्ता खचला आणि महामार्ग बंद पडला.

इथे पूल टिकला आणि रस्ता गेला, यात नवल नाही. पूर पुलाला वरून क्वचितच मारतो. कमानीत दगड दगडाला दाबून धरतो, त्यामुळे वरचा भार ती सहज पेलते. तिचे वैरी दोन, पायाखालून निसटणारी वाळू आणि काठाचा भराव कुरतडणारे पाणी. झाडे-झुडपे, ओंडके कमानीच्या तोंडाशी अडकले की पाणी तुंबते, उरलेल्या वाटेने वेग धरते आणि खांबाच्या बुंध्याशी भोवरा तळ खरवडत राहतो. पूर ओसरताच तोच खड्डा गाळाने भरतो, म्हणून वरून पाहणाऱ्याला सारे ठीकठाक दिसते.

महाडचा सावित्रीवरील 1928 चा दगडी कमानपूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री कोसळला. एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची तपासणी होऊन धोका नसल्याचा निर्वाळा मिळालेला होता. उन्हाळ्यात रस्त्यावर उभे राहून केलेल्या पाहणीची मर्यादा याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण महाराष्ट्रात नाही. नवा पूल 165 दिवसांत बांधून जून 2017 मध्ये खुला झाला.

दुरुस्ती करायचीच ठरली तर तिचा क्रम खालून वर जातो. आधी पाणबुड्यांकडून पायाची तपासणी, मग बांध घालून पाणी वळवणे, पोकळ्या काँक्रीटने भरणे आणि खांबाभोवती मोठ्या दगडांचे पिचिंग. त्यानंतर कमानीखाली सेंटरिंग, म्हणजे तिला पेलणारा तात्पुरता सांगाडा, लावतात. ते लागेपर्यंत एकाही दगडाला हात लावायचा नसतो. कमानीवरची माती उपसतानाही दोन्ही बाजूंनी सारखीच उपसावी लागते. एकीकडचा भार हलका झाला की कमान त्याच बाजूने वर फुगते आणि दगड सुटतात. काढलेल्या दगडांवर आकडे घालून ते त्याच जागी बसवतात.

खरा वाद सांध्यांवरून होतो. जुनी बांधणी चुन्याची, आणि चुना थोडा हलतो, ओल बाहेर सोडतो. ठेकेदार दरजा सिमेंटने भरून मोकळा होतो. मग आतली ओल कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडात तर हे लवकर दिसते. मात्र चुना म्हणजे कुठलाही चुना नव्हे. किनाऱ्यावर शिंपले भाजून केलेला चुना पाण्याखाली धरत नाही; त्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, घालून तो चुन्याच्या घाण्यात मळावा लागतो. असे काम जाणणारे गवंडी आणि पाथरवट आता शोधावे लागतात, हीच खरी अडचण आहे; पैसा नंतरचा.

जुने दगड परत बसवणे ही निव्वळ हौस नव्हे. प्रागच्या चार्ल्स पुलाच्या तीन कमानी 1890 च्या पुरात गेल्या, त्या पुन्हा बांधल्या गेल्या. इंग्लंडमधील टॅडकॅस्टरचा पूल डिसेंबर 2015 मध्ये अर्धवट ढासळला. नदीतून काढलेले दगड वापरून तो फेब्रुवारी 2017 मध्ये खुला झाला. आपल्याकडे पार गावाजवळ कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल आजही वापरात आहे.

अवजड वाहतूक नव्या पुलावर न्यावी आणि जुना पूल पादचारी व दुचाकींसाठी राखावा, हा मार्ग त्यातल्या त्यात शहाणपणाचा. गावच्या जुन्या पुलाच्या सांध्यात पिंपळाचे जाडजूड रोप दिसले तर ते ओढून काढू नये, मुळांबरोबर दगडही येतो. पावसाळ्यापूर्वी सार्वजनिक बांधकाम विभागाला कळवावे.