मिठाचे माप

वाशीम जिल्ह्यातील जऊळका हे गाव समुद्रापासून शेकडो मैल दूर. आगगाडी येण्यापूर्वी या पठारावर मीठ येई ते बैलांच्या पाठीवरून. लमाणांचे तांडे किनाऱ्यावरून मिठाच्या गोण्या घेऊन घाट चढत आणि परतताना धान्य व कापूस नेत. ‘लमाण’ हा शब्दच ‘लवण’ शब्दापासून आला, असे सांगतात. या समाजाचे श्रद्धास्थान पोहरादेवी याच जिल्ह्यात आहे. एवढ्या दुरून येणारी वस्तू लोक जपून वापरीत, यात नवल ते काय?

इंग्रजी अमदानीत या दुर्मीळतेवर कराचा भार चढला. परवान्यावाचून मीठ पिकविणे गुन्हा ठरले आणि 1888 साली कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. धनिकाला लागते तितके मीठ मजुरालाही लागते. किंबहुना उन्हात घाम गाळणाऱ्याला थोडे अधिकच. त्यामुळे हा कर गरिबाच्या ताटावर सर्वांत जड पडे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1902 पासून मध्यवर्ती कायदेमंडळात हे गाऱ्हाणे मांडले. मीठ महाग झाले म्हणजे गरीब ते कमी खातो आणि त्याच्या आरोग्याची हानी होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1903 पासून कर टप्प्याटप्प्याने उतरून 1907 मध्ये मणामागे एक रुपयावर आला. कर उतरला तसा मिठाचा खप वाढत गेला, हा त्या युक्तिवादाचा पुरावाच म्हणायचा.

पुढे 1930 च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचलले, तेव्हा वऱ्हाडासमोर प्रश्न होता: समुद्र आणायचा कोठून? उत्तर पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्याने दिले. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे सत्याग्रहींनी खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून मीठ केले. अखेर 1947 साली मिठावरील कर रद्द झाला.

ज्या मिठासाठी आपल्या वाडवडिलांनी तुरुंगवास पत्करला, ते आज वैद्यकशास्त्र कमी खा म्हणते. हे कसे? जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे. भारतातील निरनिराळ्या पाहण्यांत हे प्रमाण 8 ते 11 ग्रॅम आढळले आहे. जादा मिठाने रक्तदाब वाढतो आणि त्यामागून पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडाचे विकार येतात. रक्तदाब फारसा दुखत-खुपत नाही. म्हणून खेड्यात तो पुष्कळदा उशिराच कळतो.

घरातील माप काढणे अवघड नाही. पाच प्रौढ माणसांच्या घरात एक किलोचा पुडा निदान चाळीस दिवस पुरला पाहिजे. लोणचे, पापड, फरसाण व बिस्किटे यांतील मीठ निराळेच; ते धरले तर पुडा आणखी लांबला पाहिजे. मात्र कमी करावयाचे ते मीठ, आयोडीन नव्हे. गलगंडासारखे विकार टाळण्यासाठी खाण्याचे मीठ आयोडीनयुक्तच असावे, असा नियम 2006 पासून देशभर लागू आहे.

परंतु उपदेश करण्यापूर्वी एक गोष्ट आपण ध्यानात घेतली पाहिजे. ज्या घरी भाकरीबरोबर भाजी नसते, तेथे मीठ-मिरची हेच कोरड्यास असते. त्या माणसाला नुसते ‘मीठ कमी कर’ म्हणणे म्हणजे त्याच्या ताटातील उरलीसुरली चव काढून घेणे होय. त्याच्या ताटात डाळ, पालेभाजी, ताक येईल तेव्हा मीठ कमी करणे त्याला सोपे जाईल. काल गरिबाला पुरेसे मीठ मिळत नव्हते. आज मिठाबरोबर खायला पुरेसे मिळत नाही. गोखल्यांनी कायदेमंडळात मिठाचा प्रश्न मांडला तो मुळात गरिबाच्या ताटाचा होता, आणि तो अजून मिटलेला नाही.