प्लेगानें वसविलेल्या गल्ल्या

परगांवाहून मुंबई पाहावयास आलेला पाहुणा बोरीबंदर, फोर्ट आणि अपोलो बंदर एवढी फेरी पुरी झाली कीं मुंबई पाहिली असें समजतो. त्याला दोष देतां येत नाहीं. १८८८ सालीं पुरें झालेलें बोरीबंदरचें स्थानक काय किंवा १९२४ सालीं पुरी झालेली गेटवेची कमान काय, पाहणाऱ्याचे डोळे दिपावे याच हेतूनें त्या वास्तु उभारल्या गेल्या. पण दादर स्टेशनच्या पूर्वेस उतरून, भाजीवाल्यांच्या गराड्यांतून वाट काढीत थोडें पुढें गेलें कीं एक निराळेंच शहर लागतें. सरळ रस्ते, दुतर्फा जुनी झाडें, दुमजली-तिमजली घरें आणि त्यांच्या पुढें अरुंद सज्जे. हिंदु कॉलनीच्या गल्ल्यांना नांवांऐवजीं क्रमांक पुरतात. तेथून पारशी कॉलनींत शिरावें तर दुपारीं पाखरांचा आवाज तेवढा ऐकूं येतो. हे रस्ते कोणीं येऊन पाहावे म्हणून आंखलेलेच नाहींत.

ही शांतता मात्र आपोआप उगवलेली नव्हे. तिचें मूळ भयांत आहे. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगाचा पहिला रोगी ओळखला आणि पुढील कांहीं महिन्यांत लाखों माणसें शहर सोडून पळालीं. गिरण्या ओस पडल्या, व्यापार थंडावला. रोगाचें घर म्हणजे अंधारी, ओलसर, वारा नसलेली खोली, अशी त्या वेळच्या अधिकाऱ्यांची खात्री होती. उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळें प्लेग पसरतो हें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालींच प्रयोगानें दाखविलें होतें. परंतु तें सर्वमान्य होण्यास आणखी कित्येक वर्षें लोटलीं. त्याच १८९८ सालीं मुंबईंत सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. वारा आणि ऊन यांवर सारा भरंवसा ठेवून तिनें शहराची चिरफाड आरंभिली. अर्ध्यामुर्ध्या निदानावर केलेली शस्त्रक्रियाच ती. पण तिच्यांतून मुंबईला रुंद रस्ते मिळाले, हें विसरतां येत नाहीं.

ट्रस्टचा एक हात पाडण्याचा होता. नागपाड्यासारख्या दाट वस्तींत तिनें घरें जमीनदोस्त केलीं, समुद्राचा वारा आंत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट काढला, सँडहर्स्ट रोड काढला. त्या घरांतल्या माणसांनीं जावें कोठें? पोट गोदीवर आणि गिरणीवर अवलंबून. दूर राहणें परवडेना, नव्या जागेचें भाडें झेपेना. पुष्कळजण शेजारच्याच चाळींत शिरले. एका पेठेंत उजेड आला आणि तिच्या लगतची पेठ अधिक कोंदली.

दुसरा हात वसविण्याचा. शहराच्या उत्तरेस भातखाचरें आणि वाड्या होत्या. त्या संपादून ट्रस्टनें दादर-माटुंगा व शीव-माटुंगा या योजना हातीं घेतल्या. आधीं रस्ते, गटारें आणि पाणी, मग घरें, हा क्रम मुंबईला नवाच होता. भूखंड पट्ट्यानें दिले जात आणि बांधणाऱ्यावर अटी असत. त्या मानणारा मध्यम वर्ग मात्र सावकाश आला. कोर्टकचेऱ्यांपासून इतक्या दूर रानांत राहावयाचें कोणीं? ट्राम येऊन पोंचली तेव्हां हें रान जवळ आलें. ३१ मार्च १९६४ रोजीं मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला आली आणि बंद झाली. दादर टी. टी. या नांवांत ती अद्याप उरली आहे.

पारशी कॉलनीची कथा मंचेरजी एदलजी जोशी यांच्या नांवाशीं निगडित आहे. ते ट्रस्टमध्यें अभियंता होते. आपल्या समाजांतील बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांस हवेशीर घर मिळावें म्हणून त्यांनीं वरिष्ठांकडे खटपट करून १०३ भूखंड राखून घेतले. इतर पारशी बागांना भिंत असते, फाटक असतें. या वसाहतीला तीं नाहींत. जवळच पांच बागा आहेत. संध्याकाळीं त्यांतल्या बांकांवर जो येईल तो बसतो.

माटुंग्याकडे दक्षिणेंतून आलेल्या कारकुनांनीं व लघुलेखकांनीं संसार थाटले. १९२३ सालीं तेथें आस्तिक समाज स्थापन झाला. पाठोपाठ फुलांच्या, केळीच्या पानांच्या आणि कॉफीच्या दुकानांनीं रस्ता भरला. याच घरांतून ‘ब्लॉक’ रुजला. चाळींत शौचकूप मजल्याच्या टोकाला आणि सर्वांना मिळून असे. ब्लॉकांत तें घराच्या आंत, स्वयंपाकघरापासून चार पावलांवर आलें. सोंवळें पाळणाऱ्या घरांना ही तडजोड मनांत कशी पचवावी लागली असेल याची कल्पनाच करावी. बंगल्याचें स्वप्न पाहून वसविलेल्या उपनगरांत शेवटीं ब्लॉकांच्या इमारतीच उभ्या राहिल्या, कारण जमिनीचें मोल कारकुनाच्या पगाराबाहेर होतें.

ट्रस्टनें गरिबांसाठींहि चाळी बांधल्या होत्या. परळच्या पोयबावडी भागांतील तिच्या एका चाळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें कुटुंब १९१२ च्या सुमारास राहावयास आलें आणि दोन खोल्यांत वीसांहून अधिक वर्षें राहिलें. कोलंबियाची आणि लंडनची विद्या घेऊन आलेला हा बॅरिस्टर त्याच दोन खोल्यांत परतला. पुढें हिंदु कॉलनींत त्यांनीं घर बांधलें, त्याला ‘राजगृह’ हें मगधाच्या प्राचीन राजधानीचें नांव दिलें आणि १९३४ च्या सुमारास ते तेथें राहावयास गेले. घर बांधतांना पहिला विचार ग्रंथांच्या जागेचा झाला होता. ज्या संस्थेनें अंधाऱ्या खोल्या पाडल्या आणि ज्यांना नवी वसाहत परवडत नव्हती त्यांना चाळींत ठेवलें, तिचीं दोन्हीं टोकें या एका आयुष्यानें पाहिलीं. ती संस्था १९३३ मध्यें महापालिकेंत विलीन झाली.

परळहून राजगृहाकडे पायीं जावयास तासाभराहून कमी वेळ लागतो. दादर टी. टी. पासून पुढें माटुंग्याकडे जाणाऱ्या, ट्रस्टनें आंखलेल्या मोठ्या रस्त्याला पूर्वीं व्हिन्सेंट या अधिकाऱ्याचें नांव होतें. आतां त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग अशी पाटी आहे.