पेटीतली साखळी

दिवाळीत आकाशाकडे सुटणारा बाण पाहून आपण टाळ्या पिटतो. पण आकाशातूनच बाण सुटला तर? शिडांच्या जहाजांवरील खलाशांना ही धास्ती कायमची असे. भर समुद्रात सर्वांत उंच वस्तू म्हणजे जहाजाची डोलकाठी. वीज तिच्यावर कोसळली, की लाकडातल्या ओलाव्याची क्षणात वाफ होई आणि त्या प्रचंड काठीच्या चिरफळ्या उडत. शिडे पेटत, माणसे मरत. आणि लढाऊ जहाजाच्या पोटात तर दारूचे कोठार!

उपाय ठाऊक नव्हता असे नाही. विजेला धातूची वाट दाखवता येते, हे फ्रँक्लिनने अठराव्या शतकाच्या मध्यासच सांगितले होते. त्यावरून जहाजांवर साखळी आली. वादळ दिसले, की ती डोलकाठीवर चढवायची आणि खालचे टोक पाण्यात सोडायचे. ऑक्टोबर १७७० मध्ये बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या, बंदरात विजेने एका डच जहाजाची मुख्य डोलकाठी फोडली. जवळच उभे असलेले कॅप्टन कुकचे 'एंडेव्हर' मात्र बचावले. त्याची साखळी नुकतीच वर चढली होती!

त्या 'नुकतीच'ने मी थबकतो. एरवी साखळी पेटीत पडून असे. वादळाच्या धांदलीत खलाशाने शिडे आवरावीत, की पेटी शोधावी?

प्लिमथचा डॉक्टर विल्यम स्नो हॅरिस याने नेमके हेच हेरले. तांब्याच्या पट्ट्या डोलकाठीतच कायमच्या बसवा आणि थेट तळाच्या तांब्याला भिडवा, असे त्याने १८२० मध्ये सुचवले. लोक म्हणाले, ही तर विजेला आवतणे! आरमाराचे अधिकारी वर्षानुवर्षे विचारच करीत राहिले.

१८३१ मध्ये डार्विनला घेऊन निघालेल्या 'बीगल'वर या पट्ट्या होत्या. निदान दोनदा तरी तिच्यावर वीज पडली असावी, असे कप्तान फिट्झरॉयने नोंदवले आहे. डोलकाठीवर सूं आवाज झाला, जहाज किंचित थरथरले, बस्स, एवढेच!

पुढे आरमाराने पट्ट्या स्वीकारल्या; १८४७ मध्ये हॅरिस 'सर' झाला. तरी आज त्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे? मला वाटते, यात नवल नाही. घडलेल्या अनर्थाच्या बखरी होतात. टळलेल्या अनर्थाची बखर कोण लिहितो?