चावी मी देतलंय

माझ्या मनगटावर सध्या जे घड्याळ आहे, ते वेळ सोडून बाकी सगळं आधी सांगतं. मी किती पावलं चाललो, रात्री किती झोपलो, नाडी किती पडते, वगैरे. परवा काउंटरवर एका आजींच्या पेन्शनचे पैसे मोजत होतो, तर ते थरथरलं आणि म्हणालं, "फार वेळ बसलात, आता उभे राहा." बसण्याबद्दलच बँक मला गेली वीस-बावीस वर्षं पगार देते, हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही!

असंच एक घड्याळ मी चिरंजीवांना एकोणिसाव्या वाढदिवसाला देऊ केलं. चिरंजीव संगणकाचं शिक्षण घेतात. वाटलं, हरखून जातील. ते म्हणाले, "नको बाबा. त्यापेक्षा आजोबांचं ते कपाटातलं द्याल का?"

कपाटातलं म्हणजे आमच्या अण्णांचं एचएमटी जनता. पांढरी तबकडी, काळे काटे, आणि रोज चावी मागण्याची खोड.

आता, मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. वस्तू जुनी झाली की घसारा काढायचा आणि शेवटी तिची किंमत एक रुपया लिहून ठेवायची, एवढंच मला शिकवलेलं. पण ही नवी पिढी हिशेबाला बसतच नाही. अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा तबकड्या जास्त विकल्या गेल्या. १९८७ नंतर प्रथमच. आपल्याकडे जुनी एचएमटी शोधत हिंडणारी पोरं आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांचा जन्म चावीची घड्याळं बाद झाल्यानंतरचा!

वेळेच्या बाबतीत आपण मराठी माणसं मुळातच हट्टी. १९०६ साली सरकारने साऱ्या हिंदुस्थानची एक वेळ ठरवली. पण मुंबईच्या नगरपालिकेने आपली ३९ मिनिटं मागची 'मुंबई टाइम' सोडली नाही, ती थेट १९५५ पर्यंत. गिरणगावात मात्र वेळ घड्याळात नव्हतीच. ती भोंग्यात होती. भोंगा वाजला की लालबाग-परळ उठायचं. त्यामुळे घड्याळ ही गरजेपेक्षा इभ्रतीची वस्तू.

१९६१ साली सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने एचएमटीने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि ही इभ्रत हळूहळू नोकरदाराच्या आवाक्यात आली. कणकवलीचा चाकरमानी गणपतीला एसटीतून उतरला, की ट्रंक खाली ठेवण्याआधी बाही वर सारायचा. अण्णा गिरणीत साच्यावर होते. त्यांनीही पैसे साठवून 'जनता' घेतलं आणि बाही सारली, असं आई सांगते.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले एक अण्णा. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. म्हणजे कागदोपत्री अण्णा शेवटपर्यंत संपावरच होते म्हणायचे. मी तेव्हा दोन वर्षांचा. आम्ही कणकवलीला परत आलो. अण्णांनी थोडी भातशेती केली, थोडं दुकानात हिशेब लिहायचं काम केलं. पण रोज पहाटे, पहिल्या पाळीच्या वेळेला ते उठायचे आणि अंथरुणावर बसून घड्याळाला चावी द्यायचे. कुठे जायचं नसायचं. चावी देऊन झाली की घड्याळ कानाला लावायचे आणि चुलीकडे वळायचे.

२००३ साली मला बँकेत नोकरी लागली, तेव्हा अण्णांनी ते मनगटावरून काढून माझ्यापुढे धरलं. मी आधीच एक चकचकीत सेलवालं बघून ठेवलं होतं. जपान्यांनी १९६९ साली क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ काढलं, आपल्याकडे १९८७ पासून टायटनची दुकानं आली. चावीचा जमाना संपल्याचं साऱ्या जगाला कळलं होतं. मी म्हणालो, "अण्णा, ह्याला रोज चावी कोण देत बसणार?"

अण्णांनी ते पुन्हा मनगटावर चढवलं. म्हणाले, "असांदे. चावी मी देतलंय."

आणि ती त्यांनी शेवटच्या आजारापर्यंत दिली. नंतर घड्याळ कपाटात गेलं. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करायचं २०१६ साली सरकारने ठरवलं, ती बातमी मी वाचली आणि पान उलटलं.

चिरंजीवांना घेऊन बाजारातल्या म्हाताऱ्या घड्याळवाल्याकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि आत पाहत म्हणाला, "ह्यां मराक नाय. निजलां हा." तेलपाणी झालं, चावी फिरली, आणि सेकंदाला पाच ठोके घेत ते चालू लागलं. चिरंजीवांनी ते कानाला लावलं. अगदी अण्णांसारखं! हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अण्णा गेले तेव्हा तो पाळण्यात होता.

मी विचारलं, "अरे, ह्यात एवढं आहे काय?"

"रोज चावी द्यावी लागते ना," तो म्हणाला.

ज्या कारणासाठी मी ते नाकारलं, त्याच कारणासाठी त्याला ते हवं होतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ह्या खात्याला ओव्हरड्राफ्ट नाही. आज भराल तर उद्या चालेल. अण्णा त्यात रोज काय भरत होते, हे विचारायला मला वीस वर्षं होती.

आता परीक्षेच्या हॉलमध्ये घड्याळ नेता येत नाही आणि होस्टेलवर ठेवायचा भरवसा नाही, म्हणून पंधरा दिवस ते माझ्याकडे आलंय. फोनवर चिरंजीव म्हणाले, "बाबा, विसरणार नाही ना?"

"असांदे," मी म्हणालो, "चावी मी देतलंय."

ते रोज दोन मिनिटं मागे पडतं आणि त्याच्याबरोबर मीही. साहेबांनी काल विचारलं. मी त्यांना मुंबई टाइमचा सगळा इतिहास सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि लेट मार्क मारला. मुंबईला ३९ मिनिटं पन्नासएक वर्षं पचली. कणकवलीला माझी दोन मिनिटं पचत नाहीत!