एकोणीस हजार बैल आणि एक दशमी

शिरगावातून सोमाटणे फाट्याला निघालं की तळेगाव अगदी हाकेच्या अंतरावर. सायकलवर मुक्कामाचं सामान बांधताना काय खायला न्यायचं, असा प्रश्न आपल्याकडे बरेच जण विचारतात. त्याचं उत्तर आपण याच रस्त्यावर शोधू.

डिसेंबर 1778. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. लढणारे सुमारे 3,900. आणि बैल? ग्रँट डफ आकडा देतो 19,000! म्हणजे एका शिपायामागे जवळजवळ पाच बैल. शिधा बैलांवर, आणि बैलांना पुन्हा चारा हवाच. खंडाळा ते तळेगाव हे अंतर आज सायकलवाला दोन-अडीच तासांत काटतो. डिसेंबरअखेर घाटमाथ्यावर असलेली ही फौज तळेगावला पोचली 9 जानेवारी 1779 ला. तिथे पाहते तर गाव जाळलेलं, दाणा नाही, चारा नाही. मराठ्यांच्या घोडदळाने मागची वाटही धरलेली. 11 तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून, साठा पेटवून इंग्रज मागे फिरले आणि वडगावला अडकले. पुढे तह झाला तो आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. महादजींचं डावपेचाचं कौशल्य त्यात होतंच, पण आमच्या मते निम्मी लढाई त्या बैलांनीच हरली.

आता उलट बाजू बघा. पहिला बाजीराव घोड्यावरच कणसं चोळून खायचा, अशी कथा सांगतात. कथा म्हणूनच घ्या. पण हलकं खाऊन लांब जायचं, ही रीत त्यात दिसतेच. घरोघरी तीच रीत दशमीच्या रूपात होती. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवायचं. भाकरीपेक्षा ती मऊ राहते, दोन-तीन दिवस टिकते. शिवाय सोवळ्यात चालायची, हाही त्यातला व्यवहार! सातूचं पीठ, लाह्या, मेतकूट, गूळ-शेंगदाणे ही सगळी त्याच पंगतीतली. पोह्यांचं तर विचारूच नका. भात आधीच भिजवून, भाजून, कांडून ठेवलेला. नुसते ओले केले तरी खाता येतात, म्हणजे इंधनाचंही ओझं वाचलं.

आणि आजची पाकिटं? मैसूरला 1961 साली सैन्याच्या अन्नासाठी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा निघाली. न नासणारं तयार जेवण पिशवीत बंद करण्याचं पुष्कळ काम तिथे झालं. सोय उत्तम, नुसतं गरम पाण्यात बुडवायचं. पण 300 ग्रॅमच्या भाजीच्या पाकिटात बहुतेक वजन पाण्याचंच असतं, आणि पवनेच्या काठी मुक्काम करणाऱ्याने पाणी पुण्याहून कशाला वाहून न्यायचं? तिथलंच उकळून घ्यावं. उपमा, खिचडी यांची कोरडी मिश्रणं त्या मानाने बरी. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी मिळतात, तेवढ्याच वजनाच्या ओल्या भाजीत त्याच्या पाव हिस्साही मुश्किलीने.

म्हणून आम्ही सांगतो, ओलं पाकीट न्यायचंच असेल तर एकच न्या, आणि ते पहिल्याच रात्री संपवा. घाट दुसऱ्या दिवशी चढायचा असतो.